हजेरी भिंतीवर लागली पाहिजे

दिवाळीच्या आधीचे आठ-दहा दिवस माझ्या दुकानात उभं राहायला जागा नसते. धारूर तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात माझं सेवा केंद्र आहे. झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, सातबारा, पीकविमा, लेकरांचे दाखले, सगळं इथंच. याच दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि निघायच्या आधी लोकांना सगळी कागदं एकदम लागतात. यंदा वसुबारसेच्या आदल्या दिवशी एक बाई आली. तिशीची असेल. कडेवर लेकरू, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला स्टॅम्पपेपर.

"ताई, ह्याची झेरॉक्स काढा बरं लवकर. मुकादम चौकात थांबलाय, त्याला परत द्यायचाय."

मुकादम म्हणजे मजुरांची टोळी जमवून कारखान्यावर नेणारा. कागद मशीनवर ठेवायच्या आधी मी वाचला. वर नोटरीचा शिक्का. खाली नवऱ्याचा अंगठा, शेजारी तिचा अंगठा, दोन साक्षीदारांच्या सह्या. मधल्या मजकुरात लिहिलेलं, की ऊसतोडणी व वाहतुकीच्या कामापोटी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, म्हणून सदर रक्कम रोख मिळाली. आणि 'रुपये' या शब्दापुढं मोकळी जागा. अक्षरी रकमेपुढंही मोकळी जागा.

"किती उचल घेतली?" मी विचारलं.

"सत्तर हजार हातात आले. तीस पाडव्याला देतो म्हणलाय."

"इथं आकडाच नाही."

"तो नंतर लिव्हतो म्हणला. आमाला काय कळतंय त्यातलं."

मी तिला झेरॉक्स दिली नाही. म्हणलं, आधी त्याच्याकडून आकडा लिहून आण, मग काढते, पैसे पण घेत नाही. ती गेली. मला वाटलं, आता येत नाही. अर्ध्या तासानं आली. निळ्या शाईत '७०,०००' आणि अक्षरी 'सत्तर हजार फक्त'. मुकादम काय बोलला ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तीन प्रती काढल्या. एक तिला, एक तिच्या सासूला घरी ठेवायला, एक माझ्या फाईलला.

त्या मोकळ्या जागेनं माझी झोप उडवली, कारण तशीच मोकळी जागा मी याआधी दोनदा बघितलेली आहे. एकदा माझ्या घरात, एकदा सरकारी रजिस्टरात.

घरातली आधी सांगते. माझे आबा आणि माय एकवीस हंगाम ऊसतोडीला गेले. नवरा-बायको मिळून एक कोयता, हा हिशोब तुम्हाला ठाऊक असेल. आबांना अक्षर येत नव्हतं, आकडे येत होते. मी सहावीत असताना त्या हंगामात त्यांच्यासोबत फडावर होते, शाळा बुडवून. आम्ही गाडीसेंटरला होतो, म्हणजे टायरची बैलगाडी. आबा रात्री कारखान्याच्या काट्यावर गाडी रिकामी करून यायचे, कधी दोन वाजता, कधी पहाटे चारला. खोपीत शिरताना थंडीनं हात आखडलेले असायचे, पण आधी बंडीच्या आतल्या खिशातून वजनाची पावती काढून माझ्या उशाशी ठेवायचे. सकाळी उठले की मी एका निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत तारीख आणि वजन लिहायची. पावतीला उसाचा चिकट रस लागलेला असायचा, ती वहीच्या पानाला चिकटायची.

पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, तेव्हा माझ्या वहीत २३१ टन होते. मुकादमाच्या वहीत २०४. सत्तावीस टनांचा फरक. आबा पावत्यांची चळत घेऊन गेले, तर मुकादम म्हणाला, यातल्या काही गाड्या दुसऱ्या कोयत्याच्या खात्यावर पडल्यात, कारखान्याच्या बिलात असंच आहे. ते बिल बघायला मिळेल का, असं आबांनी विचारलं. उत्तर मिळालं नाही. त्या वर्षी उचल फिटली नाही, फिरून पुढच्या वर्षीच्या उचलीत धरली. सत्तावीस टनांची मजुरी म्हणजे आमच्या घरचं दोन महिन्यांचं धान्य होतं.

दोन वह्या एकमेकींच्या विरुद्ध बोलत होत्या आणि तिसरी, खरी, कारखान्याच्या कार्यालयात होती. काट्यावरची प्रत्येक गाडी कारखान्याकडं नोंदलेली असते. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, गाडी नंबर, वजन, सगळं. त्याच्यावरच मुकादमाचं पंधरवड्याचं बिल निघतं. पण ज्या माणसाच्या अंगावरून तो ऊस उतरला, त्याला त्या नोंदीपर्यंत जायला वाट नव्हती. सरकारचं त्यावर लक्ष असायला हवं होतं, आणि ते आहे की नाही हेही कळायला वाट नव्हती.

आता याच्या शेजारी रोजगार हमीचं काम ठेवून बघा. काही वर्षांपूर्वी आमच्या गावात शेततळ्याचं आणि बांधबंदिस्तीचं काम निघालं होतं. त्या कामाचं हजेरीपत्रक मी माझ्याच दुकानातून छापून दिलं. कुणाचे किती दिवस भरले, कुणाच्या खात्यावर किती पैसे, गावागणिक, नावानिशी संगणकावर दिसायचं. कुणीही बघावं. कामाच्या जागी फलक, त्यावर मंजूर रक्कम. आणि २००५ च्या त्या कायद्याच्या कलम १७ नं ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार दिलेला होता. मी ते एकदा जवळून बघितलं. मारुतीच्या पारावर एक पोरगा नावं मोठ्यानं वाचत होता. एका नावावर मागं बसलेली म्हातारी उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "आरं बाबा, हा तर मागच्या पोळ्यालाच गेला. हा कुठून आला माती टाकायला?" सगळं पार शांत झालं. ग्रामसेवकानं ते नाव लाल शाईनं गोल केलं. कुणी वकील नव्हता, कुणी पुढारी नव्हता. यादी मोठ्यानं वाचली, एवढंच झालं होतं.

गावात पंधरा दिवस माती उचलली तर ती हजेरी साऱ्या देशाला दिसते. तीच माणसं सहा महिने परमुलखात ऊस तोडतात, त्याची हजेरी कुणालाच दिसत नाही. हे मला कधीच पटलेलं नाही.

कुणी म्हणेल, साखर हा खासगी, सहकारी मामला, त्यात सरकार काय दाखवणार. मग शेतकऱ्याच्या उसाचं बघा. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा, त्यात ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असं लिहिलेलं आहे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. कोणत्या कारखान्यानं एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान भाव, किती दिली, किती थकवली, याची कारखान्यानिहाय यादी पुण्याच्या साखर आयुक्तालयातून निघते. वर्तमानपत्रं ती छापतात, शेतकरी संघटना ती हातात धरून आंदोलन करतात, थकबाकीदारावर महसुली वसुलीची कारवाई होते. हे चांगलंच आहे. माझा एक मामा ऊस लावतो, त्याला त्या यादीचा फायदा झालेला मी बघितला आहे. मग त्याच उसाच्या त्याच टनावर तोडणाऱ्याची मजुरी किती निघाली आणि कुणाच्या हातात गेली, याची यादी का नसावी? काटा तोच, गाडी तीच, पावती तीच.

जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड संघटनांचा करार झाला. मजुरीत ३४ टक्के वाढ, टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये, मुकादमाचं कमिशन १९ वरून २० टक्के. आमच्या वस्तीला हे वर्तमानपत्राच्या कात्रणावरून कळलं. मी ते कात्रण मोठं करून छापलं आणि दुकानाच्या काचेला चिकटवलं. तीन दिवसांत निदान चाळीस जणांनी त्याचा मोबाइलवर फोटो काढला. एक जण म्हणाला, "आमचा मुकादम तर जुन्याच भावानं धरायलाय." त्याला तो कागद घेऊन जाता आला, कारण आकडा डोळ्यासमोर होता.

आता सरकारी रजिस्टरातली मोकळी जागा.

२०२२ च्या पावसाळ्यात मी माहिती अधिकारात अर्ज केला. आमच्या भागातल्या टोळ्या ज्या कारखान्यांवर जातात, तिथल्या एका कामगार कार्यालयाकडं. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही, कारण मला एका कार्यालयाला उघडं पाडायचं नाही, पद्धत दाखवायची आहे. अर्ज साधा होता. आपल्याकडच्या नियमात दीडशे शब्दांची आणि एका विषयाची मर्यादा आहे, त्यात बसवला. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. विचारलं काय, तर मागच्या दोन हंगामांत ऊसतोड मजुरांच्या तळांवर किती तपासण्या झाल्या, त्यांचे शेरे द्या. कंत्राटी कामगार कायद्याखाली तोडणी-वाहतुकीच्या किती कंत्राटदारांना परवाना दिला, त्यांची यादी द्या. मजुरीच्या किती तक्रारी आल्या आणि त्यांचं काय केलं, ते सांगा.

तीस दिवस गेले. काही नाही. वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. मग एक पान आलं. परवान्यांपुढं 'निरंक'. तक्रारींपुढं 'निरंक'. तपासण्यांपुढं 'सदर माहिती संबंधित साखर कारखान्याशी निगडित असल्याने त्यांच्याकडून प्राप्त करून घ्यावी'.

'निरंक' हा शब्द मी रोज टाइप करते. उत्पन्नाच्या अर्जात, बोजाच्या रकान्यात. त्या दिवशी तो वाचताना घशात अडकला. दोन हंगामांत, हजारो माणसं जिथं राबतात तिथं, मजुरीची एकही तक्रार नाही. माझ्या आबांची सत्तावीस टनांची तक्रार कुठंतरी लिहिली गेली असती तर तो रकाना निरंक राहिला नसता. तक्रार कुणी करत नाही याचा अर्थ तक्रार नाही असा लावला जातो, आणि तो कागदावर उतरला की सरकारच्या लेखी खराच होतो.

कारखान्याकडं जा, हे म्हणणंही बरोबर नव्हतं. सहकारी संस्था सरसकट माहिती अधिकाराखाली येत नाहीत, तसं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली केरळमधल्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात सांगितलं आहे. सरकारचा भरीव पैसा असेल तरच त्या येतात. पण त्याच निकालात, आणि कायद्याच्या कलम २ (एफ) मध्ये, दुसरी गोष्टही आहे: खासगी संस्थेकडची जी माहिती सरकारी अधिकारी कुठल्याही कायद्यानं मागवू शकतो, ती त्या अधिकाऱ्याकडून नागरिकाला मागता येते. कामगार अधिकाऱ्याला मजुरीचं रजिस्टर तपासायचा हक्क आहे, तर मला त्याच्याकडून ते मागायचा हक्क आहे. हे समजायला मला चार महिने लागले. बीडच्या एका म्हाताऱ्या वकिलांनी समजावून सांगितलं. पैसे घेतले नाहीत, आले घालून चहा मात्र दोनदा पाजला.

मग मी स्वतः गेले. आपल्या राज्यात २०१८ पासून एक चांगला नियम आहे, जिल्हास्तरावरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना कागदपत्रं बघता येतात, आधी अर्ज करायची गरज नाही. फार कमी लोकांना ठाऊक आहे. चुलतभावाला सोबत घेतलं, अंबाजोगाईहून रात्रीची एसटी धरली, दुसऱ्या दिवशी पावणेतीनला दारात. तिथल्या बाबूंना तो नियम माहीत होता, हे कबूल करते. खुर्ची दिली, पाणी दिलं. शिपाई आतून लाल कापडी पाठीचं एक रजिस्टर घेऊन आला, फुंकर मारून टेबलावर ठेवलं.

छापील रकाने होते. तारीख. आस्थापनेचं नाव. तपासणीचं ठिकाण. हजर कामगारांची संख्या. ज्यांचे जबाब घेतले त्यांची नावं. आढळलेल्या त्रुटी. केलेली कार्यवाही. मी पानं उलटत गेले. कापड गिरणी, वीटभट्टी, हॉटेल, पेट्रोलपंप. साखर कारखान्याची नोंद दोन हंगामांत दोनदा सापडली. दोन्हीकडं ठिकाण 'कारखाना कार्यालय'. त्रुटी: 'नाहीत'. कार्यवाही: 'समाधानकारक'. आणि ज्यांचे जबाब घेतले त्यांच्या नावाचा रकाना मोकळा. अगदी त्या बाईच्या स्टॅम्पपेपरवर होती तशी मोकळी जागा.

कारखाना कार्यालयात ऊसतोड मजूर नसतो. तो फडात असतो, नाहीतर गावाबाहेर माळावर कोपी टाकून बसलेला असतो, जिथं नळ नाही, संडास नाही, रात्री बाई बाहेर जायची तर दुसरीला उठवावं लागतं. तिथं कुणी साहेब गेला असता तर त्या रकान्यात एक तरी नाव आलं असतं. एखादी सुमन, एखादा बाबासाहेब.

मी त्या अधिकाऱ्याला वाईट म्हणत नाही. ते स्वतः येऊन बसले, म्हणाले, "ताई, मी एकटा आणि तालुके चार. गाडीचं डिझेल पण महिन्याला ठरलेलं." मला ते खोटं वाटलं नाही. पण त्यांच्याकडं माणूस नाही, गाडी नाही, हे सुद्धा त्या रजिस्टरात 'समाधानकारक'च्या खाली झाकलं गेलं होतं. ते रजिस्टर दर महिन्याला कार्यालयाच्या भिंतीवर लागलं असतं, तर चार तालुक्यांना एक माणूस आहे हे पहिल्याच महिन्यात सगळ्यांना दिसलं असतं, आणि त्या साहेबांच्या बाजूनंही कुणीतरी बोललं असतं.

कायद्यांचं म्हणाल तर ते आहेत. राज्याबाहेर जाणाऱ्या स्थलांतरितांसाठी १९७९ चा कायदा झाला, पण त्यात बेळगावकडं गेलेली टोळी बसायची, कोल्हापूरला गेलेली नाही, कारण तिनं राज्याची सीमा ओलांडलेली नाही. घर सुटलेलं दोघांचंही सारखंच. वेठबिगारीविरुद्ध १९७६ चा कायदा आहे, त्यात जिल्ह्याला आणि उपविभागाला दक्षता समित्या आहेत. उचल फिटली नाही म्हणून हंगाम संपल्यावर कुणाला अडकवून ठेवलं, तर हाच कायदा लागू होतो आणि ते कर्जच रद्द ठरतं. तीन वर्षांपूर्वी एका घरच्या माणसांना असंच ठेवून घेतलं होतं, त्यांचा भाऊ रडत माझ्याकडं आला, तेव्हा मी समितीची शेवटची बैठक कधी झाली हे शोधत होते. सापडलं नाही. पोलिसांत अर्ज देऊन माणसं सुटली, देवाची कृपा. पण समितीवर कोण आहे, कधी बसते, काय ठरवते, हे तहसीलच्या फलकावर का नसावं?

मोजलं आणि सांगितलं की काय होतं, हे बीडनं एकदा बघितलेलं आहे. गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांचं. आमच्या घराघरांत ते आधीपासून ठाऊक होतं. माझ्या चुलतीची पिशवी तिशीच्या आत काढली, पाळीमुळं कामाला खाडा नको म्हणून. कुणी त्याला बातमी समजत नव्हतं. जून २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत आकडा सांगितला: तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ शस्त्रक्रिया, ९९ खासगी रुग्णालयांत. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, पाहणी झाली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. याच काळात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय ही शस्त्रक्रिया करायची नाही, असा दंडक आला. माझ्या चुलतीला त्याचा उपयोग नव्हता. ती तेव्हा म्हणाली, "माझी बी धरली का गं त्यात?" मी म्हणलं, धरली असंल. ती बराच वेळ गप्प बसली. आपण एका आकड्यात तरी आहोत, याचं तिला काय वाटलं ते मला शब्दांत सांगता येणार नाही.

सरकारनं त्यानंतर बरंच जाहीर केलं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ. टनामागं कारखान्यांनी दहा रुपये आणि तितकेच सरकारनं, असं ठरलं. २०२१-२२ च्या हंगामात राज्यात १,३०० लाख टनांहून जास्त ऊस गाळला गेला. टनाला दहा रुपये धरले तर एका हंगामाचे १३० कोटी एका बाजूनं, तितकेच दुसऱ्या बाजूनं. संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं. ग्रामसेवकाकडून नोंदणी आणि ओळखपत्र. यातलं प्रत्येक काम चांगलं आहे, आणि लेकरू वसतिगृहात राहिलं म्हणून शाळा न बुडालेल्या दोन पोरी मला स्वतःला माहीत आहेत. म्हणूनच मला हिशोब हवा आहे. कोणत्या कारखान्यानं किती भरले, कोणत्या तालुक्यात वसतिगृह इमारतीत आहे आणि कुठं भाड्याच्या खोलीत, आज किती पोरं मुक्कामाला आहेत. हे शाळेच्या भिंतीवर खडूनं लिहिलं तरी चालेल. माझ्या दुकानात येणाऱ्या आईला कार्डावर काय मिळतं हे मी सांगू शकत नाही, याची मला लाज वाटते.

मायशी यावर माझं भांडण झालं. ती म्हणाली, "सगळं भिंतीवर लावशील, मग आपली उचल किती ते बी गाव वाचंल. पोरीच्या सोयरिकीला कोण येईल?" तिचं खरं आहे. आणि ज्याचं नाव तक्रारीत दिसलं त्याला पुढच्या वर्षी एकही मुकादम उचल देणार नाही, हेही खरं. मी बरेच दिवस विचार केला. कुणाची उचल किती आणि तक्रार कुणी केली, हे झाकलेलं राहू द्या. मुकादमाचं नाव, त्याचा परवाना, कारखान्याचं नाव, नेलेले कोयते, दर, फडावरच्या तपासणीची तारीख, तक्रारी किती आल्या आणि किती मिटल्या, हे मात्र उघडं पाहिजे. आणि मजुराला स्वतःच्या गाड्यांची नोंद कारखान्याकडून मागता आली पाहिजे, त्याच्या त्याच्या पुरती. माय म्हणाली, "असं असंल तर लाव."

यंदा आम्ही एवढंच केलं. निघायच्या आधीच्या ग्रामसभेत सरपंचबाईंनी विषय घेतला. ग्रामपंचायतीच्या बाहेरच्या काळ्या फलकावर, जिथं एरवी पाणीपट्टीची सूचना असते, तिथं खडूनं पाच ओळी लिहिल्या. पाच मुकादम, पाच कारखाने, तालुका, मोबाइल नंबर. खाली: एकूण कोयते ३७, सोबत गेलेली लेकरं २२. एका मुकादमानं आधी कुरकुर केली, मग स्वतःच येऊन आपला नंबर दुरुस्त करून गेला. ग्रामसेवकानं त्याचा फोटो काढून तहसीलला पाठवला. तहसीलमधून अजून काही उत्तर नाही. मी त्या कार्यालयाला नवा अर्ज टाकलाय, या वेळी फक्त एकच प्रश्न: या हंगामात फडावर जाऊन किती मजुरांशी बोललात, ठिकाण आणि तारीख सांगा. तीस दिवस पुढच्या गुरुवारी भरतात.

ती स्टॅम्पपेपरवाली बाई गाडीसेंटरलाच आहे. पाडव्याचे तीस हजार मिळाले, त्याचाही वेगळा कागद झाला, त्यात आकडा आहे. तिच्याकडं साधा स्मार्टफोन आहे, चार्जिंग जवळच्या टपरीवर पाच रुपयांत करून घेते. निघताना मी तिला सांगितलं होतं, गाडी रिकामी झाली की पावतीचा फोटो पाठव. काल रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी अडतिसावी आली. फोटो हललेला आहे, कोपऱ्यात तिचा अंगठा दिसतोय, काळा, नखात माती. निव्वळ वजन ३ टन १२० किलो.

आबांनी घरात निळ्या पुठ्ठ्याची नवी वही आणून ठेवली आहे. सकाळी मी वाचून दाखवलं, त्यांनी चष्मा लावून आकडा लिहिला.